डॉ. आनंदीबाई जोशी : एका प्रवेश अर्जाची कहाणी

परदेशातील महाविद्यालयात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला आज गुणपत्रिका, शिफारसपत्रे, भाषेच्या परीक्षेचा निकाल आणि खर्चाची हमी अशी अनेक कागदपत्रे सादर करावी लागतात. सन १८८३ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज करणाऱ्या अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी यांच्याजवळ शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्रही नव्हते. तरीही त्यांना प्रवेश मिळाला. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी संपादन करणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेरचे नाव यमुना. कल्याणच्या जोशी घराण्यातील या मुलीचा विवाह वयाच्या नवव्या वर्षी टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव विधुर होते आणि वयाने त्यांच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. पत्नीने शिकलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. हा आग्रह पुष्कळदा कठोर होत असे, असे चरित्रकारांनी नमूद केले आहे.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाई माता झाल्या. परंतु ते बाळ अवघे काही दिवसच जगले. योग्य वैद्यकीय मदत न मिळाल्याचे दुःख त्यांच्या मनात कायम राहिले. पुरुष वैद्याकडून तपासून घेण्यापेक्षा त्या काळातील अनेक स्त्रिया मरण पत्करीत. अशा स्त्रियांसाठी डॉक्टर व्हावे, हा निश्चय या दुःखातूनच दृढ झाला.

पत्नीच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांच्याशी पत्रव्यवहार केला. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास मदत करण्याची तयारी वाइल्डर यांनी दाखविली. जोशी दांपत्याला ही अट मान्य नव्हती. हा पत्रव्यवहार वाइल्डर यांनी आपल्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. न्यू जर्सी राज्यातील रोझेल येथे राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात तो १८८० मध्ये दंतवैद्याच्या दवाखान्यात आला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. दोघींमध्ये मावशी-भाचीसारखा स्नेह जुळला आणि अमेरिकेत हक्काचे एक घर तयार झाले.

त्या वेळी गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली होती. एकट्या हिंदू स्त्रीने समुद्र ओलांडण्याच्या कल्पनेने सर्वत्र टीका सुरू झाली. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी या टीकेला जाहीर उत्तर दिले. भारतात स्त्रियांसाठी वैद्यकीय शिक्षणाची सोय अपुरी असल्याचे त्यांनी दाखवून दिले. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असेही त्यांनी निक्षून सांगितले. एप्रिलमध्ये त्यांनी कलकत्ता सोडले. गोपाळराव मायदेशीच राहिले. ४ जून १८८३ रोजी आनंदीबाई न्यूयॉर्कला पोहोचल्या.

आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, अमेरिकेने चिनी मजुरांच्या प्रवेशावर बंदी घालणारा कायदा केला होता. भारतीय विद्यार्थ्यांना बंदरावर तशी आडकाठी नव्हती. आनंदीबाईंची खरी परीक्षा महाविद्यालयाच्या दारात होती. सन १८५० मध्ये स्थापन झालेले फिलाडेल्फिया येथील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया ही केवळ स्त्रियांना वैद्यकशास्त्र शिकविणारी नामवंत संस्था होती. तेथील प्रवेशाच्या अटी अमेरिकेत शिकलेल्या मुलींना समोर ठेवून ठरविलेल्या होत्या.

जूनच्या अखेरीस रोझेल येथील कार्पेंटर यांच्या घरून आनंदीबाईंनी अर्जाचे पत्र पाठविले. आपण सर्व अटी पूर्ण करीत नाही, हे त्यांनी त्यात लपविले नाही. आपली परिस्थिती अपवादात्मक आहे, ती लक्षात घेऊन संस्थेने उदार व्हावे, अशी विनंती त्यांनी केली. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून जो निर्धार आपल्याला इथवर घेऊन आला, तोच अभ्यासातही उपयोगी पडेल, असे त्यांनी लिहिले. देशातील स्त्रियांना वैद्यकीय मदत देण्याचा हेतूही त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडला. कागदोपत्री पुरावा जिथे कमी होता, तिथे हा निर्धार हाच त्यांचा दाखला होता. महाविद्यालयाने तो मान्य केला. डीन रेचेल बॉडली यांनी त्यांना आपुलकीने सांभाळले आणि शिष्यवृत्तीमुळे खर्चाची चिंताही हलकी झाली.

प्रवेश मिळाला, तरी पुढील वाट खडतर होती. फिलाडेल्फियाची थंडी, शाकाहारामुळे होणारी जेवणाची आबाळ आणि अभ्यासाचा ताण यांचा परिणाम त्यांच्या प्रकृतीवर झाला. साडीचा पेहराव आणि आपले आचार त्यांनी सोडले नाहीत. त्याच महाविद्यालयात जपानच्या केइको ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली याही शिकत होत्या. १८८५ मध्ये या तिघींचे आपापल्या देशाच्या वेशात काढलेले एकत्र छायाचित्र आजही उपलब्ध आहे.

प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी प्रदान करण्यात आली. समारंभास गोपाळराव आणि पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूर संस्थानने तेथील अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक केली.

हे काम हाती घेणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या, तेव्हा क्षयाने त्यांचे शरीर पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत त्या ठेवण्यात आल्या.

ज्या रुग्णांसाठी आनंदीबाईंनी समुद्र ओलांडला, त्यांची सेवा करण्याची संधी त्यांना मिळाली नाही. तथापि, परदेशातील शिक्षणासाठी धर्म बदलावा लागत नाही आणि उणिवा दडवाव्याही लागत नाहीत, हे त्यांनी आपल्या अर्जाने सिद्ध केले. भारतीय स्त्रीलाही वैद्यकीय पदवी मिळविता येते, ही गोष्ट त्यानंतर केवळ कल्पना उरली नाही.