डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि नीराकाठची जमीन

मुलांनो, डॉ. हॅरॉल्ड मॅन यांचा जन्म १८७२ साली इंग्लंडात झाला. १९०७ साली ते पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य झाले. कालवा आल्यावर आपल्या नीरा खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी खारवल्या होत्या. मॅनसाहेब व ताम्हणे यांनी त्या तपासून १९१० साली अहवाल छापला. निचरा नसला की पाणी साचतं, क्षार वर येतात. पिकाची मुळं पाण्यात विरघळलेलं नायट्रेट शोषतात. पण त्यासाठी मुळांना हवा लागते. चिबड रानात मुळं गुदमरतात, मग खत घालूनही ऊस पिवळाच! चर खणून पाण्याला वाट देणं हा मुख्य उपाय. मॅनसाहेब १९६१ साली वारले. आपल्या रानातला चर बुजलाय का, आज घरी विचारा.