किलो कोणी ठरवला? – अँटोनी लव्हाझिए

तिसरी-चौथीला वजनाचा घटक सुरू झाला की आपण फळ्यावर लिहितो, १ किलोग्रॅम = १००० ग्रॅम. मुलं पाठही करतात. पण एखादं चुणचुणीत पोर विचारतंच, बाई, किलो कोणी ठरवला? तेव्हा त्यांना लव्हाझिए यांची गोष्ट सांगा. विज्ञानाच्या पुस्तकात ते ऑक्सिजनला नाव देणारे म्हणून भेटतात, वजनाच्या धड्यात सहसा भेटत नाहीत.

जन्म पॅरिसचा, २६ ऑगस्ट १७४३. शिक्षण वकिलीचं, ओढा मात्र रसायनशास्त्राकडे. प्रयोगाच्या आधी आणि नंतर सगळं काटेकोर तोलायचं, ही त्यांची सवय. पत्नी मारी-ॲन त्यांच्यासाठी इंग्रजी शिकल्या, उपकरणांची चित्रं त्यांनीच काढली. पैसा मात्र यायचा राजासाठी कर गोळा करणाऱ्या कंपनीतून, आणि लोकांचा या कंपनीवर भारी राग. हेही मुलांना सांगावं, लपवू नये.

त्या काळी फ्रान्समध्ये गावोगावी मापं वेगळी. नाव तेच, वजन दुसरं! गरिबाला फसवायला सोपं. १७८९ ला राज्यक्रांती झाली आणि सगळ्या देशाला एकच माप हवं, या मागणीनं जोर धरला. विज्ञान अकादमीने हे काम हाती घेतलं. लांबीसाठी पृथ्वीचा आधार घ्यायचा ठरला, वजनासाठी पाण्याचा. पाणी कुठेही मिळतं ना!

१७९३ मध्ये लव्हाझिए आणि रने जुस्त आयुई यांनी पाण्याचं वजन काढलं. कसं? नीट मोजलेली धातूची वृत्तचिती आधी हवेत तोलायची, मग पाण्यात बुडवून तोलायची. जेवढं वजन कमी भरेल, तेवढं तिने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. वर्गात एवढं नको. एक लिटरची बाटली आधी रिकामी तोला, मग पूर्ण लिटर पाणी मोजून भरा आणि पुन्हा तोला. फरक जवळजवळ एक किलो येतो. लिटर आणि किलो हे दोन वेगळे धडे नाहीत, हे मुलांना तिथेच कळतं. (बाटलीचं वजन वजा करायचं काम मुलांनाच द्या, वजाबाकीचा सराव होतो.)

त्याच वर्षी अकादमी बंद झाली. नोव्हेंबरमध्ये कर कंपनीच्या इतर भागीदारांबरोबर लव्हाझिएही तुरुंगात गेले. मापांच्या आयोगाने त्यांना सोडावं म्हणून लेखी विनंती केली, तर आयोगातूनच त्यांचं आणि आणखी काहींचं नाव काढलं गेलं. ८ मे १७९४ रोजी खटला चालला आणि त्याच दिवशी त्यांच्यासह २८ जणांना मृत्युदंड दिला गेला. वय अवघं ५०. चौथीच्या मुलांना यापुढचा तपशील सांगू नये, असं माझं मत.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १७९५ मध्ये, मीटर, लिटर, ग्रॅम ही नावं कायद्यात आली. पाण्याचं वजन इतर शास्त्रज्ञांनी पुन्हा काढलं, या वेळी ४ अंश सेल्सिअसच्या आसपास, कारण पाणी तिथे सर्वांत दाट असतं. १७९९ मध्ये प्लॅटिनमचा किलोग्रॅम पॅरिसच्या सरकारी दप्तरात ठेवला गेला. आपल्याकडे शेर, मण, छटाक जाऊन किलो यायला १९५८ चा ऑक्टोबर उजाडला. मुलांच्या पणजी-पणजोबांना विचारायला सांगा, त्यांना शेर नक्की आठवत असेल.