मुळांवरील गाठींचे कोडे सोडविणारा शास्त्रज्ञ

हरभऱ्याचे किंवा तुरीचे रोप हलक्या हाताने उपटले, तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. द्विदल पिकामुळे जमीन सुधारते, हे शेतकरी शतकानुशतके जाणून होते. या गाठींचा हवेतील नायट्रोजनशी संबंध आहे, हे जर्मनीतील हेलरीगेल यांनी १८८६ मध्ये दाखवून दिले. परंतु गाठीतील जीव वेगळा काढून दाखविला तो डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मार्टिनस बायरिंक यांनी.

त्यांचा जन्म १६ मार्च १८५१ रोजी अ‍ॅमस्टरडॅम येथे झाला. वडिलांचा तंबाखूचा धंदा बुडाल्याने बालपण ओढगस्तीत गेले. डेल्फ्ट येथे शिक्षण घेऊन १८७७ मध्ये त्यांनी लायडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. प्रबंधाचा विषयही वनस्पतींवरील गाठी हाच होता, पण त्या कीटकांमुळे होणाऱ्या. पुढे १८८५ मध्ये ते डेल्फ्टच्या यीस्ट व मद्यार्काच्या कारखान्यात रुजू झाले. शेतीला उपकारक ठरलेला शोध मद्यार्काच्या कारखान्यात लागावा, ही गंमतच म्हणायची. १८८८ मध्ये त्यांनी द्विदल वनस्पतीचा अर्क मिसळलेल्या जिलेटिनवर हे जिवाणू शुद्ध स्वरूपात वाढविले. दोन वर्षांनी तेच जिवाणू बाकल्याच्या रोपांना देऊन त्यांनी गाठी निर्माण केल्या. आज हे जिवाणू ‘रायझोबियम’ या नावाने ओळखले जातात.

एक गोष्ट मात्र त्यांना साधली नाही. वनस्पतीपासून वेगळे केलेले हे जिवाणू नायट्रोजन स्थिर करताना त्यांना कधीच आढळले नाहीत. दोष त्यांच्या कौशल्याचा नव्हता. वनस्पती साखर पुरविते आणि गाठीतील गुलाबी द्रव्य प्राणवायूचे प्रमाण आटोक्यात ठेवते. तेव्हाच हे काम चालते. प्राणवायू अगदी कमी ठेवून एकट्या जिवाणूकडून ते करवून घेणे १९७५ मध्ये शक्य झाले. स्वतः बायरिंक यांनी १९०१ मध्ये, वनस्पतीच्या आधाराविना नायट्रोजन स्थिर करणारा ‘अ‍ॅझोटोबॅक्टर’ शोधून काढला. त्याआधी, १८९८ मध्ये, तंबाखूच्या केवडा रोगाच्या अभ्यासातून त्यांनी विषाणूची कल्पनाही मांडली होती.

स्वभावाने ते तऱ्हेवाईक. विद्यार्थ्यांना त्यांचा धाक वाटे. ते अविवाहित राहिले, बहिणींसोबत राहत. १९२१ मध्ये सत्तरीला पोहोचताच त्यांना नियमानुसार प्राध्यापकपद सोडावे लागले. त्यानंतर ते गोर्सेल या गावी राहायला गेले. तेथेच १ जानेवारी १९३१ रोजी त्यांचे निधन झाले.