भावाचे पॅड

आइस हॉकीचे गोलरक्षक टेरी सॉचुक मला प्रथम भेटले ते आकड्यांतून. एनएचएलच्या नियमित हंगामांत १०३ सामने असे, की प्रतिपक्षाला एकही गोल नाही! मन अडकलं ते मात्र त्याआधीच्या वर्षांत. जन्म १९२९चा, कॅनडातल्या विनिपेगचा. थोरला भाऊ हृदयविकारानं पोरवयातच गेला. त्याचे पायाचे पॅड लहानग्या टेरीकडे आले. मोडलेलं उजवं कोपर घरी लपवलं, हात कायमचा आखूड राहिला. ओमाहा, इंडियानापोलिस इथल्या दुय्यम संघांत उमेदवारी केली. १९४७ मध्ये डोळ्याला स्टिक लागली, दृष्टी थोडक्यात वाचली. तेव्हा मुखवटा घालतो कोण? जानेवारी १९५० मध्ये डेट्रॉइटनं बोलावलं, तेही हॅरी लम्ली जखमी झाले म्हणून. १९७० मध्ये संघातल्याच सहकाऱ्याशी झटापट झाली आणि त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये ते गेले. वय अवघं चाळीस.