ॲना स्यूएल : मुक्या घोड्याला वाणी देणारी लेखिका

घोड्यांच्या प्रतिकृती जमवणाऱ्या जगभरातील संग्राहकांच्या कपाटांत 'ब्लॅक ब्यूटी' या काळ्याभोर घोड्याला मानाचे स्थान असते. १९५० पासून प्लॅस्टिकचे घोडे घडवणाऱ्या 'ब्रेयर' या अमेरिकी कंपनीने ब्लॅक ब्यूटीबरोबरच त्याची सोबतीण जिंजर आणि मेरीलेग्ज हे तट्टूही बाजारात आणले. मात्र या देखण्या प्रतिकृतींचे मूळ ज्या कादंबरीत आहे, ती मुलांच्या मनोरंजनासाठी लिहिली गेलीच नव्हती. घोड्यांच्या यातना माणसाला कळाव्यात, या तळमळीतून एका रुग्णशय्येवर तिचा जन्म झाला.

ॲना स्यूएल यांचा जन्म ३० मार्च १८२० रोजी इंग्लंडमधील ग्रेट यारमथ येथे एका क्वेकर कुटुंबात झाला. आई मेरी या मुलांसाठी लेखन करणाऱ्या कवयित्री होत्या. चौदाव्या वर्षी पावसात शाळेतून घरी परतताना ॲना घसरून पडल्या आणि दोन्ही घोट्यांना दुखापत झाली. ती कधीच पूर्ण बरी झाली नाही. पुढील आयुष्यात त्यांना आधाराशिवाय फार चालता आले नाही, की फार वेळ उभे राहता आले नाही.

चालणे दुरापास्त झाल्यावर तट्टाची छोटी गाडी हेच त्यांच्या येण्याजाण्याचे साधन बनले. वडिलांना रेल्वे स्थानकावर सोडण्याचे आणि आणण्याचे काम त्या स्वतः गाडी हाकून करीत. लगाम सैल ठेवून जनावराशी बोलत गाडी चालवण्याची त्यांची रीत होती. ज्याच्या बळावर आपण हिंडतो फिरतो, त्याचे दुःख त्यांनी जवळून पाहिले.

त्या काळी श्रीमंतांच्या बग्ग्यांना जुंपलेल्या घोड्यांना एक जादा लगाम लावला जाई. घोडा रुबाबदार दिसावा म्हणून त्याची मान सतत वर ताणून धरणे, एवढाच त्याचा हेतू असे. चढावर ओझे ओढताना मान खाली घालता न आल्याने घोड्याच्या पाठीवर ताण येई आणि श्वास कोंडे. या प्रथेचे क्रौर्य हा पुढे कादंबरीचा एक मुख्य विषय झाला.

नॉरिचजवळील ओल्ड कॅटन येथे १८७१ मध्ये ॲना यांनी लेखनास आरंभ केला. प्रकृती ढासळत होती. बळ असेल तेव्हा त्या कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहीत, नसेल तेव्हा मजकूर सांगत आणि आई तो उतरवून घेत. मुखपृष्ठावर त्यांनी स्वतःला लेखिका न म्हणवता घोड्याच्या भाषेतून केलेल्या आत्मकथेची अनुवादक म्हटले. संपन्न घराच्या तबेल्यापासून लंडनच्या भाड्याच्या गाडीपर्यंतचा प्रवास त्यात घोडा स्वतःच सांगतो. राबून राबून खंगलेल्या जिंजरचा शेवट आजही वाचकाला अस्वस्थ करतो.

२४ नोव्हेंबर १८७७ रोजी नॉरिचच्या 'जॅरॉल्ड' या प्रकाशन संस्थेने पुस्तक प्रसिद्ध केले. अवघ्या पाच महिन्यांनी, २५ एप्रिल १८७८ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी ॲना यांचे निधन झाले. हे त्यांचे एकमेव पुस्तक. त्याच्या यशाची केवळ सुरुवात त्यांना पाहता आली.

अमेरिकेतील प्राणिदया चळवळीचे नेते जॉर्ज एंजेल यांनी १८९० मध्ये तेथे या पुस्तकाची आवृत्ती काढून ती गाडीवान व मोतद्दार यांच्यापर्यंत पोहोचवली. पुढे अनेक भाषांत कोट्यवधी प्रती खपल्या. मान ताणणाऱ्या लगामाची प्रथा मागे पडण्यात या पुस्तकाचा मोठा वाटा मानला जातो.

ॲना यांच्या अंत्ययात्रेच्या गाड्यांना जुंपलेल्या घोड्यांच्या माना तशाच लगामांनी ताणलेल्या होत्या. ते पाहून वृद्ध आईने सर्व घोड्यांचे लगाम आधी सोडवायला लावले, असे सांगितले जाते. त्यानंतरच अंत्ययात्रा पुढे निघाली.