पहिला अंतराळवीर

आकाशात भरारी मारणे कठीण खरे. परंतु वैमानिकाच्या कौशल्याची खरी कसोटी लागते ती विमान सुखरूप भूमीवर उतरविताना. अंतराळात सर्वप्रथम जाऊन आलेल्या युरी गागारिनला ही कसोटी वारंवार द्यावी लागली.

रशियातील स्मोलेन्स्क प्रांतात क्लुशिनो नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे ९ मार्च १९३४ रोजी युरीचा जन्म झाला. वडील सुतारकाम करीत. आई सामुदायिक शेतावरील गोठ्यात राबत असे. युरी सात वर्षांचा असताना जर्मन सैन्याने देशावर आक्रमण केले. त्या धामधुमीत एक रशियन लढाऊ विमान निकामी होऊन गावाजवळच्या दलदलीत येऊन आदळले. पाठोपाठ दुसरे विमान उतरले. त्याच्या वैमानिकाने आपल्या सहकाऱ्याला संकटात एकटे सोडले नाही. ते दृश्य बालकाच्या मनावर कायमचे कोरले गेले.

पुढे शत्रूने गाव व्यापले. घरातून हुसकावलेल्या गागारिन कुटुंबाने जमीन खणून केलेल्या खोपटात जवळजवळ पावणेदोन वर्षे काढली. थोरल्या भावाला व बहिणीला शत्रूने वेठबिगारीसाठी पकडून नेले. सुदैवाने ती दोघे युद्धानंतर परत आली.

युद्धानंतर युरी पोलादाच्या कारखान्यात ओतकाम शिकला. पुढे सारातोव येथे तंत्रशिक्षण घेत असताना तो तेथील विमानसंस्थेत जाऊ लागला आणि १९५५ साली ओरेनबुर्गच्या लष्करी विमानविद्यालयात दाखल झाला. तेथे त्याच्यापुढे एक विलक्षण अडचण उभी राहिली. दोन आसनांचे शिकाऊ विमान तो आकाशात उत्तम चालवी. पण उतरविताना मात्र चुके. उतरताना अखेरच्या क्षणी विमानाचे नाक हळूच वर उचलावे लागते. ते लवकर उचलले, तर विमान धप्पकन खाली पडते. उशिरा उचलले, तर जमिनीवर आपटते. युरीची उंची जेमतेम पाच फूट दोन इंच. आसनावरून त्याला पुढची जमीन नीट दिसत नसे. दोनदा तो असा अडखळला, तेव्हा त्याला विद्यालयातून काढून टाकण्याची वेळ आली.

परंतु पथकप्रमुखाने त्याला आणखी एक संधी दिली. शिक्षकाने त्याच्या आसनावर एक उशी ठेवली. एवढ्याशा उशीने दृष्टी वर आली आणि विमान अलगद उतरले! १९५७ साली युरी उत्तीर्ण वैमानिक झाला.

१२ एप्रिल १९६१ रोजी वोस्तोक यानातून त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. हे सारे उड्डाण १०८ मिनिटांचे होते. परतताना यानाचा एक भाग वेळेवर सुटा झाला नाही. यान गरगर फिरू लागले. तरी युरीचे चित्त ढळले नाही. सुमारे सात किलोमीटर उंचीवर, योजनेप्रमाणे, तो यानातून बाहेर फेकला गेला आणि हवाई छत्रीने एका शेतात उतरला. ते शेत सारातोव प्रांतातच होते. ज्या भूमीवरून तो प्रथम उडाला, तिनेच त्याला झेलले!

जगभर त्याचा गौरव झाला. १९६१ च्या अखेरीस भारतात आला असता त्याने मुंबईलाही भेट दिली. मात्र १९६७ साली सोयुझ यान परतताना त्याची हवाई छत्री उघडली नाही व युरीचा मित्र कोमारोव मृत्युमुखी पडला. त्या उड्डाणासाठी राखीव अंतराळवीर युरीच होता. तरीही उड्डाणाची ओढ त्याला स्वस्थ बसू देईना. पुन्हा एकट्याने विमान चालविण्याची अनुमती मिळावी म्हणून तो सराव करू लागला. २७ मार्च १९६८ रोजी मिग-१५ जातीच्या शिकाऊ विमानातून तो अनुभवी वैमानिक सेर्योगिन याच्यासह निघाला. ते विमान परतलेच नाही. किर्झाच नगराजवळच्या रानात ते कोसळले व दोघेही मरण पावले. युरी तेव्हा अवघा चौतीस वर्षांचा होता. अपघाताच्या कारणाविषयी आजही एकमत नाही.

त्याचे बालपण ज्या गावी सरले, त्या ग्झात्स्कला आता गागारिन हेच नाव आहे. युरीचे धैर्य तर थोर खरेच. परंतु दोनदा चुकलेल्या विद्यार्थ्याला तिसरी संधी देणारा तो पथकप्रमुख आणि उशी देणारा तो शिक्षक यांनाही आपण विसरता कामा नये.