शेतीचे अर्थशास्त्र आणि बाबासाहेब

१९१३ साली बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. प्रा. सेलिग्मन यांच्याकडे अर्थशास्त्राचे धडे गिरवून १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. पुढे लंडन गाठले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले.

या सक्तीच्या खंडातच, १९१८ साली, त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध प्रसिद्ध केला. आपल्याकडे त्याची चर्चा क्वचितच होते, ही खेदाची बाब आहे. तुकडे एकत्र केले की शेती सुधारेल, असे अनेक जाणकार तेव्हा मानीत. बाबासाहेबांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. शेत लहान की मोठे, हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही; कसणाऱ्याजवळ बैल, अवजारे, भांडवल किती, यावर ते ठरते. साधनेच नसलेल्या कुटुंबाला आहे तेवढे शेतही मोठेच! जमिनीवरील अतिरिक्त माणसांचा भार उद्योगधंद्यांकडे वळवावा, हा त्यांचा उपाय होता.

त्याच वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातून पैसा साठवून १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक त्यांनी मांडले, तेव्हा कोकणातील कुळांच्या बाजूने हाच अभ्यासक उभा होता.